माहेरची माती

प्रस्तावना

'माहेर' हा मराठी भाषेतील अत्यंत जिव्हाळ्याचा शब्द आहे. जात्यावरच्या ओव्यांत तो पुन्हा पुन्हा येतो. सासरी गेलेल्या मुलीला तिथे कितीही सुख लाभले, तरी माहेरची हवा, माहेरचे पाणी आणि माहेरची माणसे तिच्या मनातून जात नाहीत. वनस्पतींच्या बाबतीतही असे काही घडत असेल काय? प्रस्तुत पाठात आपण हिमालयाच्या उंच उतारांवर वाढणाऱ्या काही लहान झुडपांची ओळख करून घेणार आहोत. ही झुडपे सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापार गेली आणि तेथील बागांत रुजली. ती रुजावीत म्हणून बागकाम करणाऱ्यांना प्रथम त्यांचे माहेर समजून घ्यावे लागले. हा पाठ माहितीपर आहे; तरीही वाचताना त्यातील विचाराकडे लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• आम्लप्रिय वनस्पती म्हणजे काय, हे उदाहरणांसह सांगणे.
• मातीचा सामू आणि वनस्पतींचे पोषण यांतील संबंध स्पष्ट करणे.
• डोंगरी झुडपांच्या लागवडीची कृती क्रमाने लिहिणे.
• पाठातील सामासिक शब्दांचा विग्रह करणे.

मूळ पाठ

(१) वृक्षरेषेच्या पलीकडे

हिमालयात जसजसे वर चढत जावे, तसतशी झाडांची उंची कमी होत जाते. सिक्कीममध्ये खालच्या उतारांवर ऱ्होडोडेंड्रॉनचे मोठे वृक्ष आढळतात. उत्तराखंडात त्यांपैकी एका जातीला 'बुरांश' म्हणतात, तर नेपाळी भाषेत या कुळाला 'गुरांस' हे गोड नाव आहे. सुमारे ४,००० मीटर उंचीच्या आसपास मात्र वृक्ष संपतात. या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. तिच्या पलीकडे त्याच गुरांसाची भावंडे आपल्याला गुडघ्याएवढी, कधी घोट्याएवढी होऊन भेटतात.

या ठेंगण्या भावंडांत पुष्कळ विविधता आहे. ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन या जातीची पाने चुरगळली की उग्र, धुपासारखा सुगंध येतो. नेपाळी भाषेत तिला 'सुनपाती' म्हणतात आणि तिची वाळलेली पाने देवापुढे धूप म्हणून जाळतात. ऱ्होडोडेंड्रॉन सेटोसमच्या कोवळ्या फांद्यांवर राठ केस असतात आणि फुले जांभळट गुलाबी असतात. ऱ्होडोडेंड्रॉन निव्हाले तर ५,००० मीटरहून अधिक उंचीवरही जमिनीला बिलगून तग धरते. याच परिसरात गॉल्थेरिया ट्रायकोफायला ही सरपटणारी वनस्पती निळी फळे धारण करते आणि कॅसिओपी फास्टिगिएटा हे वीतभर झुडूप पांढऱ्या घंटांसारखी फुले खाली झुकवून उभे असते. कॅसिओपीची इवलीशी पाने चार ओळींत एकमेकांवर अशी बसतात, की तिची फांदी घट्ट गुंफलेल्या वेणीसारखी दिसते.

कॅसिओपीच्या नावाची कथा मनोरंजक आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस १७३२ मध्ये लॅपलँडच्या दलदलीतून प्रवास करत होता. तेथे पाण्याच्या कडेला उभे असलेले एक गुलाबी फुलांचे झुडूप पाहून त्याला ग्रीक पुराणातील, समुद्रकाठच्या खडकाला बांधलेली राजकन्या अँड्रोमेडा आठवली. त्याने झुडपाला तिचेच नाव दिले. पुढे १८३४ मध्ये डेव्हिड डॉन या शास्त्रज्ञाने या झुडपाच्या एका नातेवाईक गटाला अँड्रोमेडाच्या आईचे नाव दिले. या मायलेकी आकाशातही आहेत. मराठीत आपण त्या तारकासमूहांना शर्मिष्ठा आणि देवयानी म्हणतो. ग्रीकांच्या मायलेकी आपल्याकडे ययाती राजाच्या दोन राण्या झाल्या!

एवढ्या उंचीवर ही झुडपे जगतात तरी कशी? हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फाचा जाड थर साचतो. आपल्याला बर्फ म्हणजे संकट वाटते. या झुडपांना ते पांघरूण असते. बाहेर कडाक्याची थंडी आणि झोंबरा वारा असला, तरी बर्फाखाली तापमान शून्य अंशाच्या फार खाली जात नाही. बर्फ वितळल्यावर लगेच फुले येतात. त्यानंतर पावसाळा सुरू होतो आणि धुके व संततधार यांमुळे हवा गार व ओलसर राहते. पाणी भरपूर पडते. परंतु उतारावर ते साचत नाही. थंडीमुळे पालापाचोळा फार सावकाश कुजतो आणि खडकांवर काळ्या, भुसभुशीत मातीचा पातळ थर तयार होतो. पावसाच्या माऱ्याने त्यातील चुन्यासारखे क्षार वाहून जातात. उरते ती आम्लधर्मी माती. तीच या झुडपांचे माहेर होय.

१८४८ ते १८५० या काळात जोसेफ डाल्टन हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सिक्कीम हिमालयात भ्रमंती केली. त्याने पाठवलेली बियाणी लंडनजवळील क्यू येथील उद्यानात पोहोचली. सिक्कीमच्या ऱ्होडोडेंड्रॉनांवरील त्याचा सचित्र ग्रंथ १८४९ ते १८५१ या काळात प्रसिद्ध झाला आणि हिमालयाच्या या लेकींची ब्रिटनमधील बागांना ओढ लागली.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(अ) हिवाळ्यात बर्फाचा थर झुडपांसाठी ...... असतो. (संकट / पांघरूण / खत)
(आ) 'सुनपाती'ची वाळलेली पाने ...... म्हणून वापरतात. (धूप / भाजी / रंग)

(२) आंबट मातीचे रहस्य

माती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे 'सामू' या मापाने सांगतात. सामू ७ असल्यास माती उदासीन असते; ७ पेक्षा कमी असल्यास आम्लधर्मी आणि अधिक असल्यास अल्कधर्मी. या मापातील एका अंकाचा फरक लहान नसतो. सामू ५ असलेली माती सामू ६ असलेल्या मातीपेक्षा दहापट आम्लधर्मी असते. आपण पाहत असलेल्या झुडपांना साधारणपणे ४.५ ते ६ या दरम्यानचा सामू मानवतो.

चुनखडीच्या जमिनीत ही झुडपे लावली, तर काही महिन्यांतच त्यांची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड उपाशी आहे. तो आणखी खत घालतो. झाड खरोखरच उपाशी असते. मात्र मातीत अन्न नाही, असे नसते. हरितद्रव्य तयार होण्यासाठी लोह लागते. चुन्याच्या सान्निध्यात लोह पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात जाते, त्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. ताट वाढलेले असावे आणि हात बांधलेले असावेत, तशी झाडाची अवस्था होते. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना हे दुखणे परके नाही. चुनखडीच्या जमिनीत उसाची पाने अशीच पिवळी पडतात, तेव्हा 'उसावर केवडा पडला' असे ते म्हणतात.

या झुडपांचे आणखी एक वैशिष्ट्य डोळ्यांना दिसत नाही. त्यांची टोकाची मुळे केसांहूनही बारीक असतात आणि त्यांच्या पेशींत एक प्रकारची बुरशी वस्तीला असते. कुजणाऱ्या पानांत अडकलेले नत्र मुळांना स्वतःहून मिळवता येत नाही. ते बुरशी मोकळे करून देते. त्याच्या बदल्यात झुडूप बुरशीला शर्करा पुरवते. निकृष्ट भासणाऱ्या मातीत ही झुडपे समाधानाने राहतात, ती या शेजारधर्माच्या बळावर. ओंजळी भरभरून रासायनिक खत घातले, की नाजूक मुळे करपतात आणि हा शेजारही विस्कटतो. म्हणून या झुडपांच्या बाबतीत अतिलाड हा उपेक्षेइतकाच घातक ठरतो.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चुनखडीच्या मातीत झुडपांना लोह का मिळत नाही?
(आ) बुरशी झुडपाला काय मिळवून देते?

(३) परक्या अंगणात

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील शाही वनस्पती उद्यान १६७० मध्ये स्थापन झाले. ऱ्होडोडेंड्रॉनांच्या संग्रहासाठी ते जगभर ख्यातनाम आहे. तेथे उन्हाळ्यातही दुपारचे तापमान सामान्यतः २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गार उन्हाळा, ओलसर हवा आणि ढगाळ आकाश यांमुळे हिमालयातील झुडपांना स्कॉटलंड मानवले. ज्या बागांत हवा अनुकूल. पण माती प्रतिकूल होती, तेथे माणसांनी माती घडवली. त्यांची पद्धत अशी आहे :

जागेची निवड : दुपारचे कडक ऊन लागणार नाही, परंतु प्रकाश भरपूर मिळेल अशी जागा घ्यावी. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे उतरणारा बांध सर्वांत उत्तम. मोठ्या झाडांच्या मुळांशी या झुडपांना स्पर्धा करायला लावू नये.

मातीची परीक्षा : चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला, तर मातीत चुना आहे. नेमका सामू कळण्यासाठी मात्र माती तपासून घ्यावी.

गादी वाफा : मातीत चुना असल्यास जमीन खोदून तिथेच आम्लधर्मी माती भरण्यात अर्थ नसतो, आजूबाजूचे चुनायुक्त पाणी झिरपत आत येते. म्हणून जमिनीपासून फूटभर उंच गादी वाफा करावा. त्यात चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत, सूचिपर्णी वृक्षांची कुजवलेली साल आणि चुना नसलेली जाड रेती मिसळावी. ओल टिकावी आणि पाणीही साचू नये, असे हे मिश्रण हवे. वाफ्याच्या कडेला ग्रॅनाइटसारखे दगड लावावेत. चुनखडीचा किंवा संगमरवराचा तुकडाही नको. दगडांच्या बुडाशी मुळांना गारवा मिळतो.

लागवड : या झुडपांची मुळे वरच्या थरातच पसरतात. त्यामुळे रोप कुंडीत जेवढे खोल होते, तेवढेच जमिनीत लावावे. अधिक खोल पुरल्यास मुळे गुदमरतात. लावल्यानंतर पालापाचोळ्याचे किंवा पाइनच्या सुयांचे दोन इंच जाड आच्छादन करावे. मुळे उथळ असल्याने भोवती खुरपणी करू नये. तण हाताने अलगद उपटावे.

पाणी आणि पोषण : शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. नळाचे पाणी जड असल्यास त्यातील चुना हळूहळू वाफ्यात साचतो. राख, हाडांचे खत, चुना आणि ताजे शेणखत कटाक्षाने टाळावे. दरवर्षी नवे आच्छादन घातले, की सहसा तेवढेच पोषण पुरते.

रोपनिर्मिती : ऱ्होडोडेंड्रॉनचे बी धुळीसारखे बारीक असते. ते ओलसर मिश्रणावर नुसते भुरभुरावे, वर माती टाकू नये. त्याला उजेड लागतो. पहिले फूल येण्यास काही वर्षे लागतात. कॅसिओपीची रोपे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात लहान फुटव्यांच्या छाट कलमांपासून तयार करतात. जमिनीवर टेकलेल्या फांदीवर माती व दगड ठेवून दाब कलमही करता येते.

ही सर्व कृती नीट पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. झुडपाचे सासर सजवण्यासाठी येथे काहीच केलेले नाही. उतार, गारवा, पावसाचे पाणी, कुजलेला पाला, चुन्याचा अभाव हे सारे त्याच्या माहेराकडून उचललेले आहे.

(४) एका बागेसाठी दुसरे माहेर

याच मार्गावर माणसाच्या हातून एक अन्याय घडला. आम्लधर्मी मातीसाठी बागकाम करणाऱ्यांनी 'पीट' हा पदार्थ मुबलक वापरला. थंड प्रदेशांतील दलदलीत शेवाळ पूर्णपणे न कुजता थरावर थर साचते. त्यापासून पीट बनते. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर जाडीचा थर साचण्यास सुमारे एक हजार वर्षे लागतात आणि यंत्राने तो काही दिवसांत उकरला जातो. पृथ्वीच्या भूभागापैकी सुमारे ३ टक्के क्षेत्र पीटभूमीने व्यापले आहे. परंतु जगातील सर्व अरण्यांच्या वनस्पतींत जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक कार्बन तिने पोटात साठवला आहे. पीटभूमी कोरडी पडली, की तो कार्बन वायुरूपाने हवेत जातो, पृथ्वी तापते आणि हिमशिखरांवरील बर्फाचे पांघरूण विरळ होते. ज्या झुडपांच्या प्रेमापोटी आपण पीट आणले, त्यांच्याच माहेरावर संकट येते! म्हणूनच आता अनेक जाणते बागकाम करणारे पीटऐवजी पालापाचोळ्याचे खत आणि कुजवलेली साल वापरतात.

दुसरा प्रश्न रोपांचा आहे. डोंगरावरील झुडूप मुळासकट उपटून आणले, तर त्याची बारीक मुळे तुटतात आणि ते बहुधा मरते. मागे उघडी माती राहते, ती पुढच्या पावसात वाहून जाते. तो पातळ थर पुन्हा साचण्यास पिढ्यान्‌पिढ्या लागतात. म्हणून बागेत लावायचे रोप बियांपासून किंवा कलमांपासून रोपवाटिकेत वाढवलेले असावे. सिक्कीममध्ये युमथांगजवळील शिंगबा आणि पश्चिमेकडील बर्से ही दोन अभयारण्ये खास ऱ्होडोडेंड्रॉनांसाठी राखलेली आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय वनस्पती उपटून नेणे हा गुन्हा आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. आपल्या अंगणात ही झुडपे लावता येतील काय? नागपूर, पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई येथे माती कितीही आम्लधर्मी केली, तरी तेथील उष्ण रात्री या झुडपांना सोसणार नाहीत. त्यांना त्यांच्या डोंगरावरच सुखाने राहू द्यावे, हेही एक प्रकारचे बागकामच आहे. परंतु या झुडपांनी शिकवलेली गोष्ट कोणत्याही अंगणात उपयोगी पडते. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुन्याचे खडे सापडतात आणि तिचा कल अल्कधर्मी असण्याकडे असतो. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असते. काळ्या जमिनीला मानवणारे पीक जांभ्यावर मानवेलच असे नाही. रोप विकत घेण्यापूर्वी 'हे किती सुंदर आहे?' या प्रश्नाबरोबर 'हे कोठून आले आहे?' हाही प्रश्न विचारावा. ज्याला वाढवायचे, त्याचे माहेर आधी समजून घ्यावे. मग ते झाड असो, मूल असो, की आपल्या गावात नव्याने राहायला आलेले कुटुंब असो.

पाठगत प्रश्न ३
चूक की बरोबर ते लिहा.
(अ) पीटचा थर दरवर्षी एक मीटर वाढतो.
(आ) झुडपांभोवती वारंवार खुरपणी करावी.
(इ) झुडपांना शक्यतो पावसाचे पाणी द्यावे.

शब्दार्थ

वृक्षरेषा – ज्या उंचीपलीकडे वृक्ष वाढत नाहीत ती सीमा
ठेंगणा – बुटका
आच्छादन – झाकण्यासाठी पसरलेला थर
सान्निध्य – जवळ असणे
निकृष्ट – हलक्या प्रतीचे
उपेक्षा – दुर्लक्ष, हेळसांड
कटाक्षाने – निश्चयपूर्वक

भाषा अभ्यास

समास : 'आम्लप्रिय' या शब्दाचा विग्रह 'आम्ल आहे प्रिय ज्याला ते' असा होतो. येथे 'आम्ल' आणि 'प्रिय' या दोन्ही पदांहून वेगळ्या पदाचा, म्हणजे झुडपाचा, बोध होतो. म्हणून हा बहुव्रीही समास आहे. 'हिमशिखर' म्हणजे 'हिमाचे शिखर'. हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. 'मायलेकी' म्हणजे 'माय आणि लेक'. हा द्वंद्व समास आहे.

संधी : हिम + आलय = हिमालय. येथे अ + आ = आ झाला आहे.

वाक्प्रचार : 'तग धरणे' म्हणजे बिकट परिस्थितीतही टिकून राहणे. वाक्य : दुष्काळातही बांधावरच्या बोरीने तग धरला.

तुम्ही काय शिकलात

• वृक्षरेषेपलीकडील अनेक झुडपे गार हवा, चांगला निचरा आणि आम्लधर्मी माती यांवर जगतात.
• चुन्यामुळे मातीतील लोह मुळांना मिळेनासे होते व पाने पिवळी पडतात.
• मुळांतील बुरशी आणि झुडूप परस्परांना अन्न पुरवतात. म्हणून जादा खत अपायकारक ठरते.
• एक बाग फुलवताना पीटभूमी किंवा डोंगर उजाड होणार नाही, याची काळजी घेणे आवश्यक आहे.

पाठान्त प्रश्न

१. 'अतिलाड हा उपेक्षेइतकाच घातक ठरतो' या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
२. चुनायुक्त जमिनीत गादी वाफा करण्याची कृती क्रमाने लिहा.
३. पीटच्या वापरामुळे हिमालयातील झुडपांवर संकट कसे येते, ते सांगा.
४. पाठाला 'माहेरची माती' हे शीर्षक कितपत समर्पक वाटते? तुमचे मत सकारण लिहा.
५. उपक्रम : तुमच्या परिसरातील मातीची व्हिनेगरने परीक्षा करा. तेथे चांगली वाढणारी व न वाढणारी प्रत्येकी तीन झाडे शोधून आपले निरीक्षण दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पांघरूण (आ) धूप
२. (अ) चुन्याच्या सान्निध्यात लोह पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात जाते, म्हणून झुडपांना ते मिळत नाही. (आ) कुजणाऱ्या पानांत अडकलेले नत्र बुरशी झुडपाला मिळवून देते.
३. (अ) चूक (आ) चूक (इ) बरोबर